बाकावरच्या एकतीस सकाळी

व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातल्या टेबलावर मी एकोणीस वर्षं काढली. त्यातली अठरा वर्षं माझं एक मत पक्कं होतं. माणूस आपणहून काही सोडत नाही, त्याला सोडायला लावावं लागतं. शहाण्याला शब्दाचा मार असेलही, पण आमच्याकडे शहाणी येत नाहीत. शहाणी असती तर आमच्याकडे कशाला आली असती? हे मत मी कुणालाही, न विचारताही सांगायचे. आता सांगत नाही. जे पाहिलं त्यानंतर तोंड उघडायची लाज वाटते, आणि तरी सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आमच्या केंद्रात चाळीस खाटा, आणि चाळीसच्या चाळीस कोर्टाच्या. पुडीसकट सापडलेल्या माणसाला न्यायाधीश विचारतात, दोन वर्षं तुरुंग की सहा महिने उपचार? निवड तुमची. कायदा म्हणतो की उपचार स्वेच्छेने घेतलेले असावेत, म्हणून आमच्या दाराला कुलूप नाही. साधी कडीसुद्धा नाही. कुणीही उठावं आणि चालू लागावं. फक्त तासाभरात मला कोर्टात फोन करावा लागतो आणि संध्याकाळच्या आत पोलिसांची गाडी त्याच्या घरापुढे उभी राहते. असलं उघडं दार कुठल्याही कुलपापेक्षा घट्ट लागतं.

रोज सकाळी सात वाजता सगळ्यांनी माझ्या टेबलापुढे रांग लावायची. मी प्रत्येकाला छापील प्रश्न वाचून दाखवायचा: "उपचार घेण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" त्याने 'नाही' म्हणायचं, सही करायची, मी शिक्का मारायचा. चाळीस वेळा 'नाही', चाळीस शिक्के, आणि मग चहा. यावरून सगळे मला पाठीमागे 'शिक्का' म्हणतात हे मला माहीत आहे. तोंडावर 'मावशी' म्हणतात, तेवढं पुरे.

लिफ्टवाली आली तेव्हा पस्तिशीची असेल. अंगाने काटकुळी, पण मनगटं पुरुषासारखी. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायची. एकदा खांदा निखळला, दुखणं थांबेना, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या पुरेनाशा झाल्या तशी पावडर आली. हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या खाली पुडी सापडली आणि ती आमच्याकडे आली. सहा वर्षांची मुलगी होती, छोटी. ती थोरल्या बहिणीकडे होती.

पहिल्या सकाळी मी प्रश्न वाचला.

"आहे," ती म्हणाली.

मी चष्म्यावरून पाहिलं. "काय आहे?"

"दबाव. न्यायाधीश म्हणाले, इथे गेली नाहीस तर दोन वर्षं आत. हा दबाव नाही तर काय मग?"

रांगेत हशा पिकला. मला राग आला. "अगं बाई, इथे 'नाही' असंच छापलंय. 'आहे'ला जागाच नाही."

"मग जागा करा."

मी उठून डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे, झोप कायम अपुरी. ते म्हणाले, "मावशी, 'नाही' लिहा आणि पुढची सही घ्या. 'आहे' लिहिलंत तर ती जाईल तुरुंगात आणि आपल्यामागे लागेल चौकशी." मी 'नाही' लिहिलं. तिने वाचलं, सही केली. दुसऱ्या दिवशी परत प्रश्न, परत 'आहे', परत माझं 'नाही'. साडेचार महिने हे असंच चाललं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी तिला दोनदा ऐकवलं. ती हसायची.

बाकी मात्र तिच्याबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. पहिले दहा दिवस बादली आणि घोंगडी, घाम आणि उलट्या. पण 'मला थोडीशी द्या' म्हणून तिने कुणाचे पाय धरले नाहीत. बसायच्या वेळी बसायची, बोलायच्या वेळी बोलायची आणि जे बोलायची ते खरं बोलायची. हे शेवटचं आमच्याकडे फार दुर्मीळ. आमची मंडळी 'सुटली, सुटली' असं इतक्या गोड आवाजात सांगतात की मिठाई वाटावीशी वाटते. लिफ्टवालीला विचारलं की म्हणायची, "आज सकाळपासून चार वेळा आठवण आली."

त्यांची पत्रं माझ्या टेबलावरच फोडायची असतात. पाकिटातून काय काय येईल याचा नेम नसतो. एका गुरुवारी, भेटीच्या वेळी, कोर्टाचं पत्र आलं. लिफ्टवालीची ताई समोरच्या खुर्चीत बसून आत सोडायची वाट पाहत होती. मी पत्र फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. पुडीच्या पाकिटावरचा नंबर आणि तपासणीला गेलेल्या पाकिटाचा नंबर जुळत नव्हता, म्हणून खटला रद्द. उपचाराचा आदेशही रद्द. संबंधित व्यक्ती आजपासून मोकळी.

"काय झालं?" ताईने विचारलं. माझं तोंड पाहूनच तिने ओळखलं असावं.

मी सांगून टाकलं. ही माझी पहिली चूक. जिचं पत्र तिच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायचं मला काही कारण नव्हतं.

ताई पांढरीफटक पडली. "तिला सांगू नका, मावशी. तुमच्या पाया पडते. अजून बेचाळीस दिवस आहेत. आज कळलं तर आज जाईल ती. तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विकणारा राहतो, तुम्हाला माहीत आहे का? ती चौथ्यावर, तो दुसऱ्यावर. मी तिला सांगितलंय, सहा महिने पुरे केल्याचा कागद आण आणि पोरगी ने. ते तरी पुरे होऊ द्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझा धाकटा भाऊ याच पायी गेला. मीच त्याला धरून-बांधून एका ठिकाणी टाकला होता, चार महिने कुलपात. सुटला आणि आठवड्यात गेला. लोक म्हणाले, कुलपाने काय होणार? मी मनात धरून बसले होते की आणखी दोन महिने कुलूप असतं तर वाचला असता. त्यानंतर मी ही नोकरी धरली. मग त्या गुरुवारी मी दुसरं काय करणार? पत्राची घडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती टेबलापुढे आली. मी प्रश्न वाचायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. दबाव आहे का, म्हणून मी तिला कुठल्या तोंडाने विचारणार होते? कोर्टाचा दबाव संपला होता. आता उरला होता तो माझा, खणातला. मी वही नुसती पुढे सरकवली. तिने माझ्याकडे पाहिलं, सही केली. असे अकरा दिवस गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं माझं. ती जिन्यावर दिसली की मी उगाच कपाटाकडे वळायचे.

बाराव्या सकाळी तिने सही केली नाही. पेन हातात धरून उभी राहिली.

"मावशी, गेले अकरा दिवस मला तुम्ही प्रश्न विचारत नाही. बाकी एकोणचाळीस जणांना विचारता."

"रोजचं तेच उत्तर. कशाला विचारायचं?"

"रोज कुरकुरणारी लिफ्ट एक दिवस कुरकुरायची थांबली की आम्ही आधी तिथे हात घालतो," ती म्हणाली. "काय झालंय?"

खोटं बोलणं मला काही जड नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या 'नाही'वर शिक्के मारत आले होते. पण तिच्या तोंडावर ते जमेना. मी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिलं.

तिने सावकाश वाचलं. मी वाट पाहत होते की आता हसेल, नाचेल, मला शिव्या देईल, पिशवी घेऊन पळेल. तिने फक्त तारखेवर बोट ठेवलं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "म्हणजे अकरा दिवस मी मोकळी होते."

"तुझ्या भल्यासाठीच, अगं. तुझ्या ताईने..."

"मावशी, लिफ्टचा ब्रेक कसा असतो माहीत आहे तुम्हाला? वीज असते तोवर तो उघडा असतो. वीज गेली की तो आपोआप बसतो. आमची तपासणी तीच. वीज बंद करायची आणि बघायचं, लिफ्ट जागेवर राहते का. राहिली तर लिफ्ट चांगली. वीज चालू ठेवून कितीही बघा, काही कळत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "पाच महिने होत आले, मी रोज सकाळी हाच विचार करतेय. कोर्ट नसतं तर मी थांबले असते का? एवढी एकच गोष्ट मला कळायची होती. वीज अकरा दिवस बंद होती आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत."

माझ्या आयुष्यात माणसांनी मला पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्यातली एकही इतकी आत गेली नाही.

डॉक्टर धावत आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोर्टाचं पत्र दाबलंत? नोकरी जाईल तुमची." मग तिच्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खाट कोर्टाची. आदेश रद्द म्हणजे खाटही गेली. दुपारच्या गाडीने नवीन माणूस येत होता. तिला राहायचं असलं तरी राहता येणार नव्हतं.

"आणि मला आपणहून यायचं असेल तर?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हा विभाग माझा.

आपणहून येणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक बाक आहे. फाटकाबाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याच्या आडोशाखाली. पटावर नाव घालायचं आणि रोज सकाळी सातला येऊन बाकावर बसायचं, एक वाजेपर्यंत. मी खिडकीतून हजेरी घेते. नऊपर्यंत आलं नाही तर गैरहजर, दोन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कट. कोर्टाचा माणूस पळाला किंवा आलाच नाही आणि त्या दिवशी कोर्टाकडे दुसरा नसला, तर ती खाट बाकावरच्याला. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. ज्याला कुणी पाठवलेलं नाही त्याला आम्ही रस्त्यावर बसवतो आणि ज्याला यायचं नाही त्याला खाट देतो. एकोणीस वर्षं मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाकावर कुणी फारसं टिकतही नसे. तिसऱ्या दिवशी जागा रिकामी. माझ्या मताला हाच तर पुरावा होता.

"नाव लिहा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

ताईला कळलं तेव्हा ती माझ्यावर तुटून पडली. "तुम्हाला एवढंसं झाकता आलं नाही?" मी म्हटलं, "नाही आलं." बहिणीला तिने निरोप पाठवला: आपला बोल तोच, सहा महिने पुरे, त्याआधी पोरगी नाही. लिफ्टवालीने बोटांवर हिशेब केला. एकतीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी सव्वासहालाच येऊन खिडकीत बसले. येणार नाही अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर, येऊ नये असंही कुठेतरी वाटत होतं. ती आली तर माझं एकोणीस वर्षांचं गणित चुकणार होतं.

सातला दहा कमी असताना ती आली. बाकाच्या टोकाला बसली. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. तिने खिशातून पाना काढला, बोल्ट आवळला आणि परत बसली. मी हजेरीत खूण केली.

दुसरा दिवस. तिसरा दिवस. चौथ्या दिवशी असा वारा सुटला की पत्रा धडाधड वाजत होता. ती डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, बस म्हटलं नव्हतं. ती आली नसती तर कुणी फोन करणार नव्हतं, गाडी येणार नव्हती, न्यायाधीशाला तिचं नावही आठवत नव्हतं. एक वाजता उठायची, कामावर जायची, संध्याकाळी त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर. आणि सकाळी परत बाकावर. मी एवढं साधं दृश्य आयुष्यात कधी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. एक बाई बाकावर बसली आहे. बस, एवढंच. आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

आतले चाळीस जण रांगेत माझ्यापुढे 'नाही, नाही, नाही' म्हणत असायचे आणि माझी नजर खिडकीबाहेर. एकदा एक जण म्हणाला, "शिक्का... म्हणजे मावशी, उलटा मारलात." खरंच उलटा मारला होता.

नवव्या दिवशी ती आली नाही.

सात वाजले, साडेसात वाजले. बाकावर दोन नवीन माणसं होती, ती नव्हती. आठ वाजले. माझ्या मनातलं ते जुनं मत उठून बसलं आणि म्हणालं, बघ, मी सांगत नव्हते? आणि त्या क्षणी मला त्या मताचा इतका तिटकारा आला की काय सांगू. मला ते खरं ठरायला नको होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "पोटात कळ येतेय." ते म्हणाले, "घरी जा." मी म्हटलं, "नऊनंतर."

नवाला दहा कमी असताना ती रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसली. चालत येत होती. डोळे लाल, केस विस्कटलेले. मी खिडकी सोडून सरळ फाटकाबाहेर गेले. हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"घेतलीस?"

"नाही." ती बाकावर धपकन बसली. "काल रात्री खाली उतरले. जिन्याने. त्याच्या दारापाशी गेले, बेल वाजवायला हात वर केला आणि तिथेच पायरीवर बसले. सकाळपर्यंत बसले. तो दूध घ्यायला बाहेर आला, मला म्हणाला, 'हवी आहे का?' मी म्हटलं, 'हवी आहे.' आणि उठून इकडे आले. म्हणून उशीर झाला."

"कुणी अडवलं तुला?"

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि मला वाटतं हे बोलताना तिचं तिलाच नवल वाटत होतं. "मी सारखी मागे वळून बघत होते, कुणी येतंय का. कुणी आलंच नाही, मावशी."

मी तिच्या शेजारी बसले. मोठमोठ्या माणसांची भाषणं मी आमच्या सभागृहात ऐकली आहेत. टाळ्या वाजवल्या आहेत आणि जांभया दिल्या आहेत. त्या पायरीवर रात्रभर बसलेल्या बाईपुढे मात्र मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. भाऊ आठवला. त्याला मी धरला, बांधला, कोंडला, त्याच्यासाठी रडले. तुला काय करायचंय, हे मात्र एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण विचारलं नाही.

सतराव्या दिवशी खाट रिकामी झाली. कोर्टाचा माणूस पळाला होता आणि त्या दिवशी कोर्टाकडे दुसरा नव्हता. पटावर तिच्या आधीची सगळी नावं गैरहजेरीने कटली होती. मी अक्षरशः धावत बाहेर गेले. गुडघे दुखतात माझे, तरी धावत.

"चल, ऊठ! तुझी खाट!"

बाकावर तिच्या शेजारी एक शिंपी बसला होता. त्याचा तिसरा दिवस. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, तरी सगळं अंग हलत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"याला द्या," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? नंबर तुझा आहे."

"हा उद्या यायचा नाही, मावशी. मी उद्या येणार आहे." मग थोडं थांबून तिने दुरुस्ती केली, "बहुतेक."

शिंप्याला आत नेताना मी तीनदा मागे वळून पाहिलं. ती बाकावर पाय लांब करून बसली होती. आता थोडी जास्त जागा झाली होती ना.

एकतिसाव्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन मी म्हटलं, "तिला सहा महिने पुरे केल्याचा कागद द्या." ते खरंच वाईट वाटून म्हणाले, "कसा देऊ? ती आतल्या खाटांच्या पटावर नाही. बाकावर बसल्याचा कागद नसतो."

एक वाजायच्या सुमारास ताई आली. हाताशी छोटी. मुलगी अंगाने आईसारखीच काटकुळी, केस घट्ट बांधलेले. ताईच्या हाताला धरून ती फाटकापाशी थांबली. लिफ्टवाली बाकावरून उठली नाही. नुसतं पाहत राहिली. मीही बाहेर आले.

"कागद?" ताईने विचारलं.

"कागद नाही," मी म्हटलं. "पण मी रोज पाहिलंय. एकतीसच्या एकतीस दिवस. माझा शब्द घ्या."

"तुमचा शब्द?" ताई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही तिचं पत्र खणात टाकलंत. माझ्यासाठी टाकलंत, हे मान्य. पण तुमच्या शब्दावर मी पोरगी कशी देऊ?"

ज्या दिवशी पहिल्यांदा मला कुणासाठी खरं बोलायचं होतं, त्या दिवशी माझ्या खरेपणाला किंमत नव्हती. मी म्हटलं, "मग तिलाच विचारा."

ताई तिच्याकडे वळली. "घेतलीस? या महिन्यात?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. पण नवव्या दिवशी त्याच्या दारात बसले होते. रात्रभर."

अगं, हे कशाला सांगतेस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ताईने छोटीचा हात आणखी घट्ट धरला.

"आणि पुढे?" ताईचा आवाज फुटला. "पुन्हा घेणार नाहीस ना? शपथ घे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे आणि ने तिला. मला दुसरं काही नको."

दोन पावलांवर मुलगी होती. एक हात पुढे करायचा, तीन शब्द बोलायचे. मी मनातल्या मनात ओरडत होते, घे, घे शपथ, काय जातं तुझं? लिफ्टवालीचा हात उचललाही गेला. मग तिने तो परत मांडीवर ठेवला.

"नाही घेणार, ताई."

"का?"

"मला माहीत नाही म्हणून. उद्याचं मला माहीत नाही. आज घेतली नाही, एवढं माहीत आहे. काल घेतली नाही. उद्या घेऊ नये असं फार वाटतं. पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मला माहीत नसलेलं बोलणार नाही." ती रडत होती, पण नजर खाली गेली नव्हती. "नसेल द्यायची तर नको देऊस. मी उद्या परत येऊन बसते."

रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी. ताई आपल्या धाकट्या बहिणीकडे अशी पाहत होती, जणू ती तिला आजच पहिल्यांदा भेटत होती.

"याआधी," ताई हळूच म्हणाली, "मी मागायच्या आधीच शपथ घ्यायचीस. दहा वेळा घेतलीस. बारा वेळा. याच पोरीची."

"हो."

ताईने डोळे पुसले. मग खाली वाकून छोटीला विचारलं, "आईकडे जायचं तुला?" आणि तिचा हात सोडून दिला. ढकललं नाही, पुढे केलं नाही, नुसता सोडला.

छोटी जागच्या जागी उभी राहिली. एकदा ताईकडे, एकदा आईकडे पाहिलं. लिफ्टवालीने तिला हाक मारली नाही. हातही पसरले नाहीत. किती कठीण गेलं असेल तिला ते. ती फक्त बाकावर थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

मग मुलगी आपल्या पायांनी चालत गेली आणि बाकावर चढून बसली.